स्पॅनिशच्या गाळलेल्या जागा भरता येतात, मग बोलताना वाक्य का सुचत नाही?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांची शाळा मराठी माध्यमात झाली, तिथे कन्नडही शिकल्या, पुढे बेळगावात बी.कॉम. केलं. सहा महिने फोनवरच्या ॲपवर रोज स्पॅनिश करतात, शिवाय इंग्रजीतून लिहिलेलं एक सरावाचं पुस्तक आहे. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, योग्य पर्याय निवडा, हे सगळं बहुतेक बरोबर येतं. पण ‘स्वतःबद्दल स्पॅनिशमध्ये चार वाक्यं सांग’ असं कुणी म्हटलं की नाव आणि गाव सांगून झाल्यावर पुढे काही सुचत नाही. शिकलेले शब्द विसरतात, अशीही तक्रार आहे. त्या विचारतात, आधी व्याकरण पक्कं करू की शब्द वाढवू? आणि पुण्याला जाऊन क्लास लावल्याशिवाय हे जमणारच नाही का?

मी बेळगावात स्पॅनिश शिकवते आणि माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. ती निपाणीची असोत, चिकोडीची असोत की शहापूर-वडगावची, अडचण एकाच ठिकाणी असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्याकरण आधी की शब्द आधी, हा तुमचा खरा प्रश्न नाही. तुम्हाला दोन्ही बऱ्यापैकी येतं, नाहीतर स्वाध्याय सुटले नसते. गाळलेली जागा भरताना कर्ता पुस्तकाने दिलेला असतो, क्रियापद कंसात दिलेलं असतं, बाकीचं वाक्य छापलेलं असतं. तुम्ही फक्त शेवटचा प्रत्यय लावता. पर्याय निवडायचा असेल तर तेवढंही नाही, समोर दिसलेलं ओळखायचं असतं. बोलताना मात्र काय सांगायचं, कोणतं क्रियापद घ्यायचं, कर्ता कोण, कोणता शब्द कुठे, हे सगळं तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं, तेही दोन सेकंदांत. ओळखणं आणि स्वतः काढणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. सहा महिने तुम्ही पहिलीचा सराव केलात आणि ती आली. दुसरीचा सराव अजून सुरूच झालेला नाही.

दुसरं एक कारण आहे आणि ते आपल्या भागात फार ठळक दिसतं. तुमच्या मनात वाक्य मराठीत येतं. तुम्ही त्याचं इंग्रजी करता, मग इंग्रजीचं स्पॅनिश करता. पुस्तक इंग्रजीतलं, ॲप इंग्रजीतलं, म्हणून ही सवय लागते. पण स्पॅनिश व्याकरणातल्या ज्या गोष्टी इंग्रजी माणसाला अवघड जातात, त्यातल्या कित्येक मराठीत आणि कन्नडमध्ये आपल्याला जन्मापासून येतात. त्या आपण इंग्रजीच्या वाटेने जाऊन स्वतःसाठी अवघड करून घेतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. स्पॅनिश कशासाठी शिकताय यावर सरावाची दिशा बदलते. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत भाषेच्या जोरावर नोकरी हवी असेल तर सहसा बी-टू पातळीच्या आसपासचं स्पॅनिश मागतात. (भाषेच्या पातळ्यांत ए-वन सगळ्यात खालची, मग ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात.) ए-वनपासून तिथवरचा रस्ता लांब आहे, त्याला काही महिने पुरत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तर ‘देले’ या परीक्षेची ए-वन पातळी डोळ्यांसमोर ठेवा. स्पेन सरकारच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्वांतेस ती घेते आणि त्या संस्थेचं केंद्र नवी दिल्लीत आहे. ए-वनच्या परीक्षेत वाचन आणि लेखन यांचा एक गट असतो, ऐकणं आणि बोलणं यांचा दुसरा. प्रत्येक गटाला ५० गुण, आणि दोन्ही गटांत वेगवेगळे किमान ३० मिळवावे लागतात. म्हणजे वाचन-लेखनाच्या गटात ५० पैकी ५० मिळवूनही बोलण्याच्या गटात मागे पडलात तर परीक्षा पास होत नाही. तुमची आजची तयारी नेमकी अशीच एकांगी आहे. आणि निव्वळ आवडीसाठी शिकत असाल तर घाई करायचं कारणच नाही. पद्धत मात्र तिन्ही बाबतींत मी तीच सांगेन.

नवीन पुस्तक घेऊ नका. तुमच्याकडे आहे तेच वापरा, फक्त सोडवलेला स्वाध्याय सोडून पुढे जाऊ नका. समजा पुस्तकात वाक्य होतं ‘यो कोमो अर्रोस’, म्हणजे मी भात खाते, आणि तुम्ही ‘कोमो’ ही गाळलेली जागा बरोबर भरली. (स्पॅनिश इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतेय. वहीत ते रोमन लिपीतच लिहा, स्वराघातांच्या खुणांसकट. फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड घालून घेतलात तर त्या खुणा टाइप करता येतात.) आता पुस्तक मिटा आणि त्याच वाक्यातून स्वतःची वाक्यं काढा. ‘यो’ टाकून द्या, कारण ‘कोमो’तच ‘मी’ आहे, जसं मराठीत ‘जेवले’ म्हटलं की कोण ते वेगळं सांगावं लागत नाही. मग: कोमो अर्रोस. कोमेस अर्रोस? म्हणजे तू भात खातेस का? यात ‘का’ नाही, शब्दांची उलटापालट नाही, फक्त आवाज वर जातो. मि माद्रे नो कोमे अर्रोस, माझी आई भात खात नाही. आपलं ‘नाही’ शेवटी येतं, त्यांचं ‘नो’ क्रियापदाच्या आधी. कोमेमोस अर्रोस पोर ला नोचे, आम्ही रात्री भात खातो. एका गाळलेल्या जागेतून चार वाक्यं झाली आणि चारही तुमच्या घरातली.

ही वाक्यं आधी तोंडाने म्हणायची, मग लिहायची. हा क्रम उलटा करू नका. लिहून मग वाचलंत तर पुन्हा ओळखण्याचाच सराव होतो. माझ्याकडच्या मुलांना मी वाक्याचं मराठी देते आणि स्पॅनिश तोंडी मागते. घरी एकट्याने करायचं असेल तर वहीच्या पानाची उभी घडी घाला. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे स्पॅनिश. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकायची आणि डावीकडचं मराठी बघून स्पॅनिश म्हणायचं. अडलं त्या वाक्यावर खूण करायची आणि खुणेची वाक्यं तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारायची. आठवून काढायला थोडे कष्ट पडले पाहिजेत. कष्ट न पडता आलेलं उत्तर लवकर विसरतं. ‘शब्द विसरतात’ ही तुमची तक्रार बहुतांशी इथूनच येते. ॲप तुम्हाला शब्द दाखवतं आणि अर्थ विचारतं. तुम्ही अर्थ दाखवून शब्द विचारायला हवा.

उत्तरसूचीबद्दल एक सांगते, कारण तिचा फार चुकीचा वापर होतो. चूक झाली की बरोबर उत्तर पाहून खोडून लिहायचं आणि पुढे जायचं, ही शाळेतली सवय. त्याऐवजी चुकलेलं वाक्य तसंच ठेवा आणि शेजारी एका ओळीत कारण लिहा: लिंग चुकलं, प्रत्यय चुकला, की ‘सेर’च्या जागी ‘एस्तार’ घेतलं (‘असणं’साठीची ही दोन क्रियापदं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते). पंधरा दिवसांनी ती कारणं वाचलीत की तुमच्या चुका मोजक्याच प्रकारच्या आहेत हे दिसेल. मग पुस्तकाचा पुढचा धडा न घेता त्याच प्रकारची दहा वाक्यं स्वतः तयार करा.

आता मराठीची आणि कन्नडची मदत कुठे घ्यायची ते सांगते. मला या भागाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सीमाभागातल्या मुलांकडे दोन भाषांचं भांडवल आहे आणि स्पॅनिश शिकताना ते कुणी वापरत नाही.

‘गुस्तार’ म्हणजे आवडणं. या क्रियापदावर इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात, कारण इंग्रजीत आवडण्याच्या क्रियापदाचा कर्ता माणूस असतो. आपल्याकडे नाही. मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात. क्रियापद कॉफीप्रमाणे आणि आंब्यांप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तसंच: मे गुस्ता एल काफे, मे गुस्तान लोस मांगोस. इंग्रजीतून जाणारी मुलं ‘यो गुस्तो’ म्हणतात. मराठीतून थेट गेलात तर ही चूक होणार नाही. कन्नडमध्येही ‘ननगे’ (मला) आहेच, पण तिथे ‘इष्ट’ (आवडतं) एकवचन-अनेकवचनात बदलत नाही. म्हणून या ठिकाणी मराठीचाच हात धरा.

पण ‘मला’ दिसलं की सगळीकडे ‘मे’ लावू नका. मराठीतल्या ‘मला’च्या वाक्यांचे स्पॅनिशमध्ये दोन गट पडतात. आवडणं, वाटणं, दुखणं हा पहिला गट ‘मे’ घेतो. मला वाटतं म्हणजे ‘मे पारेसे’. माझं डोकं दुखतंय म्हणजे ‘मे द्वेले ला काबेसा’. यात ‘माझं’ येत नाही, कुणाला दुखतंय ते ‘मे’ सांगतं. दुसरा गट भूक, तहान, ताप, थंडी, झोप, भीती यांचा. मला भूक लागलीय म्हणजे ‘तेंगो आंब्रे’, मला तहान लागलीय म्हणजे ‘तेंगो सेद’, मला ताप आलाय म्हणजे ‘तेंगो फ्येब्रे’, मला झोप येतेय म्हणजे ‘तेंगो स्वेन्यो’. इथे स्पॅनिश माणूस ती गोष्ट स्वतःजवळ आहे असं म्हणतो. नाती आणि वयही याच गटात: मला दोन भाऊ आहेत म्हणजे ‘तेंगो दोस एर्मानोस’, मी वीस वर्षांची आहे म्हणजे ‘तेंगो बेइंते आन्योस’. मराठीतून येणाऱ्या मुलांच्या सर्वांत जास्त चुका या दुसऱ्या गटात होतात. वहीची दोन समोरासमोरची पानं या दोन गटांसाठी ठेवा आणि दिवसभरात तोंडून ‘मला’ निघालं की ते कोणत्या पानावर जाईल ते ठरवा. या एका सरावाने रोजच्या बोलण्यातली कितीतरी वाक्यं मोकळी होतात.

पुढची गोष्ट कर्माची. ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर बघते. ‘बेओ आ मि एर्माना’ म्हणजे मी बहिणीला बघते. माणूस कर्म असेल तर आधी ‘आ’ येतो. इंग्रजीत याला जोड नाही, म्हणून ती पुस्तकं हा वेगळा नियम म्हणून पाठ करायला लावतात. आपल्याकडे घराला प्रत्यय लागत नाही, बहिणीला ‘ला’ लागतो. बारकावाही तोच आहे. आम्ही डॉक्टर शोधतोय, म्हणजे कुणीही चालेल: ‘बुस्कामोस उन मेदिको’. आम्ही डॉक्टरांना शोधतोय, म्हणजे ते ठरलेले डॉक्टर: ‘बुस्कामोस आल मेदिको’ (‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’). मराठीत ‘ला’ किंवा ‘ना’ येतो का हे कानाला विचारा, माणसांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघतं.

आता ‘सेर’ आणि ‘एस्तार’. इथे मराठी अडवते, कारण आपलं ‘आहे’ दोन्हींना पुरतं. ती शिक्षिका आहे, ती घरी आहे, ती आजारी आहे, सगळीकडे ‘आहे’. इंग्रजी पुस्तकं कायमचं ते ‘सेर’ आणि तात्पुरतं ते ‘एस्तार’ असा नियम देतात. तो नियम लवकर फसतो. माझं घर खानापुरात आहे, यात तात्पुरतं काही नाही, तरी स्पॅनिशमध्ये तिथे ‘एस्ता’ येतं. मेलेल्या माणसासाठीही ‘एस्ता म्वेर्तो’ म्हणतात.

कन्नड येणाऱ्यांनी इथे कन्नडमध्ये विचार करून बघा. ‘इदु नन्न मने’, हे माझं घर. क्रियापदच नाही. स्पॅनिश: ‘एस्ता एस मि कासा’, म्हणजे सेर (इथला ‘एस्ता’ म्हणजे ‘हे’, तो वरचा ‘एस्ता’ नव्हे; क्रियापद आहे ‘एस’). ‘अवरु टीचर’, इथेही क्रियापद नाही, स्पॅनिशमध्ये सेर. ‘नानु बेळगावियवळु’, मी बेळगावची, पुन्हा क्रियापद नाही, स्पॅनिश ‘सोय दे बेळगावी’, सेर. पण ‘मने खानापुरदल्लि इदे’ म्हणताना ‘इदे’ लागतं, आणि स्पॅनिश ‘मि कासा एस्ता एन खानापूर’, एस्तार. कोण, काय, कुठला या ओळखीच्या वाक्यांत कन्नड क्रियापदाशिवाय भागवते, तिथे सेर. कुठे आहे हे सांगताना ‘इदे, इद्दाने, इद्दाळे’ लागतं, तिथे एस्तार. विशेषणं आली की ही खूण पुरत नाही. तिथे दमलेली, आजारी, बंद, उघडं अशी अवस्था असेल तर एस्तार, आणि उंच, हुशार, महाग असा गुण असेल तर सेर, असं वेगळं लक्षात ठेवावं लागतं. एखादा कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर येतं, तेही ध्यानात ठेवा. ‘इथे पाणी आहे’ अशा वाक्यात या दोन्हींऐवजी ‘आय’ येतं: ‘आकी आय आग्वा’. पण सुरुवातीला लागणारी निम्मीअधिक वाक्यं ओळख आणि ठिकाण यांचीच असतात आणि तिथे कन्नडचा कान उपयोगी पडतो. कन्नड सक्तीने शिकावी लागली म्हणून तिच्याकडे पाठ फिरवलेली मुलं मला भेटतात. मला मनापासून वाटतं की येते ती भाषा वापरावी.

आपल्या बोलीचाही उपयोग आहे. शाळेच्या पुस्तकात ‘मी जेवत आहे’ असतं, पण बेळगावात आपण ‘जेवायलोय’, ‘करायलोय’ म्हणतो, आणि रोजच्या सवयीसाठी ‘जेवतो’ वेगळं ठेवतो. स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय कोम्येंदो’ म्हणजे खायलोय, ‘कोमो’ म्हणजे खातो. ‘करायलोय’ तोंडात आलं की एस्तोय, एवढी खूणगाठ बांधा. स्पॅनिश लोक पुष्कळदा साध्या वर्तमानकाळावरच भागवतात, त्यामुळे इथे चुकलात तरी समोरच्याला कळतं.

लिंगाला घाबरू नका. मराठीत तीन आहेत, स्पॅनिशमध्ये दोनच. चांगला मुलगा, चांगली मुलगी म्हणताना विशेषण बदलणं आपल्या जिभेवर आहे, ते ‘ब्वेनो’ आणि ‘ब्वेना’ला सरळ लागू होतं. आपलं ‘लाल’ जसं बदलत नाही, तसं त्यांचं ‘बेर्दे’ किंवा ‘ग्रांदे’ लिंगाप्रमाणे बदलत नाही. अनेकवचनात मात्र ‘बेर्देस’, ‘ग्रांदेस’ होतं. विशेषणाची जागा बदलते: आपण मोठं घर म्हणतो, ते ‘कासा ग्रांदे’ म्हणतात. घरात कन्नडच जास्त बोलली जात असेल तर लिंगाचा सराव थोडा वाढवा, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. कोणताही नवा नामशब्द वहीत एकटा लिहू नका. ‘मेसा’ नव्हे, ‘ला मेसा’. ‘लिब्रो’ नव्हे, ‘एल लिब्रो’. हात म्हणजे ‘ला मानो’ आणि दिवस म्हणजे ‘एल दिआ’, असे नियमाबाहेरचे शब्द त्यामुळे आपोआप बरोबर बसतात.

शब्दांबद्दल थोडक्यात. ॲप तुम्हाला कासव, घुबड आणि मुकुट शिकवत असेल तर ते मागे ठेवा. तुमच्या दिवसात जे येतं त्याचे शब्द आधी: घर, नाती, बस, बाजार, जेवण, वेळ, पैसे, काम. दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त नवे शब्द घेऊ नका, आणि प्रत्येक शब्दाचं निदान एक वाक्य तुमच्या आयुष्यातलं असू द्या. ‘लोस साबादोस बोय आ बेळगावी एन आउतोबुस’, शनिवारी मी बसने बेळगावला जाते. हे वाक्य तुम्हाला खरोखर लागणार आहे. क्रियापदं नामांपेक्षा महत्त्वाची. जाणं, येणं, असणं, हवं असणं, करणं, देणं, सांगणं, करता येणं अशी वीसेक क्रियापदं मी, तू आणि तो-ती या रूपांत तोंडात बसली की शब्द कमी असले तरी बोलणं थांबत नाही. आणखी एक मदत चोर्ला घाटाच्या पलीकडून येते. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि गोव्यामार्गे तिचे काही शब्द मराठीत मुरले. पगार हा शब्द त्यातला, आणि स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. पाव आणि ‘पान’, चावी आणि ‘याबे’ ही नातीही तिथलीच. असे शब्द थोडेच आहेत, पण भाषा एकदम परकी वाटत नाही.

उच्चारात एकच गोष्ट आधी सुधारा. इंग्रजी शाळेतून आल्यासारखे ट आणि ड म्हणू नका. स्पॅनिशमध्ये आपले त आणि द आहेत. प, क हेही श्वास न सोडता, मराठीसारखे. पाच स्वर आहेत आणि पाचही आपल्याला येतात. ‘एच’ अक्षर मुकं असतं, ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच. खरी मेहनत दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे थरथरता दुहेरी र: ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. दुसरा स्वराघात, कारण मराठीत त्याने अर्थ बदलत नाही. ‘आब्लो’त जोर पहिल्या अक्षरावर असेल तर मी बोलते, शेवटच्या अक्षरावर असेल तर तो बोलला. शब्द स्वराने, ‘एन’ने किंवा ‘एस’ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि याला अपवाद असेल तिथे खूण छापलेली असते. म्हणून ती खूण वहीत गाळायची नाही. यावर सर्वांत चांगला सराव श्रुतलेखनाचा. पुस्तकासोबतचा ध्वनिमुद्रित संवाद घ्या, एकेक वाक्य थांबवून लिहा, मग पुस्तकाशी ताडून बघा. स्पॅनिश बरीचशी बोलतात तशीच लिहितात, त्यामुळे चुकलं ते कानाने चुकलं की लिपीने, हे लगेच कळतं. स्पेनचा उच्चार की लॅटिन अमेरिकेचा, याची काळजी आत्ता करू नका. तुमच्या पुस्तकात जो आहे तो धरा.

रोज किती वेळ? अर्धा तास पुरतो, पण रोज. रविवारी तीन तास बसून आठवडाभर काही न करणाऱ्यांचं स्पॅनिश पुढे जाताना मी पाहिलेलं नाही. त्या अर्ध्या तासातली निदान दहा मिनिटं तोंडाने बोलण्यात जाऊ द्या. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा: आज काय केलं, काय खाल्लं, कुठे गेले. भूतकाळ नीट येत नसेल तर रोज काय करते ते सांगा. आठवड्यापूर्वीचं रेकॉर्डिंग ऐका आणि ज्या ठिकाणी तुम्ही थांबलात ते वाक्य घडीच्या वहीत घाला. तुम्हाला कोणता सराव हवा आहे हे पुस्तक ठरवू शकत नाही, तुमची अडण्याची जागा ठरवते.

राहिला पुण्याचा प्रश्न. ए-वनसाठी घर सोडून जाऊ नका. भाड्याचा आणि फीचा खर्च त्या पातळीला परवडणारा नाही, आणि वर सांगितलेला सराव क्लासमध्ये बसूनही तुम्हालाच करावा लागेल. ऑनलाइन आठवड्यातून एक तास बोलून घेणारा शिक्षक मिळाला तर पुष्कळ झालं. शिक्षक निवडताना एवढंच बघा की त्या तासात तो जास्त बोलतो की तुम्ही. ए-टू संपवून पुढे पदवीच्या पातळीवर स्पॅनिश करावंसं वाटलं तर मात्र बाहेर पडायचा विचार जरूर करा. हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ आणि दिल्लीचं जेएनयू इथे स्पॅनिश पदवीपर्यंत शिकवतात, आणि बी.कॉम. झालेल्यांनी प्रवेशाच्या अटी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासाव्यात.

तोवर पुढच्या सोमवारी पुस्तक पहिल्या धड्यापासून पुन्हा काढा. प्रत्येक स्वाध्यायातलं एकच वाक्य निवडा, मिटून ठेवा आणि त्यातून चार वाक्यं तोंडाने काढा. दोन ‘मला’ची पानं त्याच दिवशी सुरू करा. महिन्याने स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि कुठे अडलात ते इथेच लिहा, त्या वाक्यांवरून पुढचा सराव सांगते.